श्वास आणि थर यांच्यामधली भिंत

दिवाळी सरते, थंडी उतरते, सकाळी वेताळ टेकडीवरून शहर धुरकट दिसायला लागतं आणि पुण्यात एक वाद हमखास डोकं वर काढतो. यंदा त्याला धार जास्तच आहे. एक बाजू विचारते: घरोघरी माणसं खोकताहेत, सरकारी दवाखान्यांत धाप लागलेल्यांच्या रांगा आहेत, मग जनतेच्या पैशातून कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरांना पीळ देण्याचे प्रयोग कशासाठी? तो पैसा छातीच्या विकारांवरच्या संशोधनाला द्या. दुसरी बाजू तावातावाने सांगते की याच थरांतून उद्या हवेचे सेन्सर येतील, मास्क येतील, औषध थेट फुप्फुसात पोचवणारे वाहक येतील, जरा धीर धरा. मला दोन्ही बाजू चुकताहेत असं वाटतं, आणि दोघांची चूक एकाच जागी आहे. दोघंही संशोधनाचा हिशेब फळाच्या आश्वासनावर मांडतात. श्वसनवैद्यक आणि पदार्थांचं भौतिकशास्त्र यांत पैशासाठी स्पर्धा आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेलं आहे. माझं म्हणणं असं, की या दोन विद्यांमध्ये जी भिंत आपण उभी केली आहे तिने गेल्या शंभर वर्षांत फुप्फुसांचं मोठं नुकसान केलं आहे. त्या भिंतीबद्दल मात्र कोणीच बोलत नाही.

आधी हे थर म्हणजे काय ते पाहू. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट, खाणीतला अभ्रक, यंत्रांत वंगण म्हणून वापरतात ते मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे सगळे थरांचे पदार्थ. एका थरातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण थर आणि थर यांच्यातली ओढ क्षीण असते. म्हणून पेन्सिल कागदावर उमटते. २००४ मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पदर काढत काढत एकच थर वेगळा केला. तेच ग्राफीन. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठी होतं. पुढचा टप्पा पिळाचा. जाळीचे दोन पडदे एकमेकांवर ठेवून एक किंचित फिरवला की मोठी नक्षी उमटते, तशी ग्राफीनच्या दोन थरांतही उमटते. २०११ मध्ये बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी गणिताने सांगितलं, की साधारण १.१ अंशाच्या कोनात त्या नक्षीतले इलेक्ट्रॉन जवळजवळ अडकून पडतील आणि त्यांचं वागणं पार बदलेल. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या पाब्लो हारियो-हेरेरो यांच्या गटाने त्या कोनात अतिवाहकता, म्हणजे कोणत्याही अडथळ्याविना वीज वाहणं, दाखवली. तीही १.७ केल्व्हिनला, म्हणजे उणे २७१ अंशांच्या आसपास. यातून आज एकाही दमेकऱ्याला आराम पडणार नाही. हे स्वच्छ सांगून पुढे जायला हवं.

आक्षेप घेणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: दुःख समोर आहे आणि ते मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार सीओपीडीने, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणाऱ्या आजाराने, २०२१ मध्ये जगात सुमारे ३५ लाख माणसं गेली. भारतात जगातली १८ टक्के लोकसंख्या राहते, पण श्वसनाच्या दीर्घ विकारांनी जगात वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यातला ३२ टक्के वाटा आपला आहे. हा अंदाज २०१६ चा. हा आजार फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा नाही, हे ठामपणे मांडणाऱ्यांत पुण्याचेच डॉ. संदीप साळवी होते. पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी चुलीचा धूर, धुळीचा कामधंदा, जुना क्षयरोग ही कारणं ठळक केली. आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या मावळातल्या आजीचं फुप्फुस कोणत्याही पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकाच्या मध्यभागी नव्हतं. ते आपणच अभ्यासायला हवं. तसंच क्षयाचं. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' चाचणीत रुग्णाच्या घरातल्यांना दरमहा पोषक शिधा दिला, तर त्या घरांत नवा क्षयरोग ३९ टक्क्यांनी कमी झाला. जंतुतपासणीने सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळासारख्या शिध्याने हे साधलं. अशा संशोधनाला पैसा कमी पडत असेल तर ती लाजिरवाणी गोष्ट आहे.

पण मग विचारायला नको का, की त्या आजीला आज नेमकं काय अडवतं? ज्ञानाचा अभाव? श्वासनलिका मोकळी करणारं साल्ब्युटामॉल १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं, श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड १९७० च्या दशकात. दम्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्येच सांगितलं, की नुसता श्वासनलिका मोकळी करणारा पंप पुरेसा नाही, त्याबरोबर सूज उतरवणारं औषध हवंच. तरीही आपल्याकडे 'पंपाची सवय लागते' म्हणून मुलांचे पंप कपाटात पडून राहतात, लग्नाच्या मुलीचा पंप पाहुण्यांपासून लपवला जातो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीचं यंत्र असतं पण फुंकर मोजायचं स्पायरोमीटर क्वचितच दिसतं. नव्या संशोधनाचंही तेच होतंय. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असलेल्या सीओपीडी रुग्णांत डुपिलुमॅब या जैविक औषधाने आजार उफाळण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, हे २०२३ मध्ये 'बोरिआस' चाचणीने दाखवलं. हे मोठं पाऊल आहे. पण ते औषध सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. पाषाणमधल्या एखाद्या प्रयोगशाळेत अतिथंड प्रयोगांसाठी लागणारा हेलियम बंद केला म्हणून त्या आजीच्या गावात स्पायरोमीटर येणार आहे का? तिच्याकडे पंप न पोचणं हे खरेदीचं, मनुष्यबळाचं, समजुतीचं अपयश आहे. त्याचं बिल एका विद्याशाखेच्या नावे फाडणं म्हणजे खऱ्या जबाबदार जागेकडे पाठ फिरवणं. शिवाय हा देश एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्चतो. एवढ्याशा रकमेत भौतिकशास्त्राने वैद्यकाचा घास पळवला असं म्हणणाऱ्यांनी मुळात पानातच किती वाढलंय ते पाहावं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. तिच्यावर माझा राग थोडा अधिक आहे, कारण ती माझी बाजू आहे. थरांच्या भौतिकशास्त्राचं समर्थन करणारे लगेच २००७ चा मँचेस्टरचा प्रयोग पुढे करतात: ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू बसल्याची नोंद झाली. नायट्रोजन डायऑक्साइड म्हणजे वाहनांच्या धुरातला, श्वासनलिका चेतवणारा वायू. तेव्हा दमा आणि ग्राफीन यांचं लग्न तिथेच लागलं असा सूर लागतो. प्रयोग अस्सल होता. पण तो काळजीपूर्वक राखलेल्या परिस्थितीतला होता. नळस्टॉपच्या चौकातली हवा ओलसर असते, तिच्यात पन्नास वायू असतात, आणि ग्राफीनचा पृष्ठभाग जवळजवळ सगळ्यांनाच प्रतिसाद देतो. कोणाला दिला ते ओळखणं हीच तर अडचण आहे. शहरांची अधिकृत केंद्रं हा वायू आजही जुन्या, रासायनिक प्रकाश मोजणाऱ्या पद्धतीनेच मोजतात. युरोपीय संघाने २०१३ मध्ये दहा वर्षांसाठी एक अब्ज युरोंचा ग्राफीन प्रकल्प हाती घेतला तेव्हाही उद्याच्या जगाची अशीच चित्रं रंगवली गेली होती. बरंच चांगलं विज्ञान त्यातून झालं, पण ती चित्रं बहुतांशी कागदावर राहिली. आश्वासन देऊन पैसा मागितला की आश्वासन न फळल्यावर लोक विज्ञानावरच रागावतात, आणि त्यांचा राग न्याय्य असतो. पिळलेल्या थरांचा प्रश्न खोल आहे, तो भारतातल्या मुलामुलींना सोडवता येण्याजोगा आहे, आणि निसर्ग असा का वागतो हे कळणं समाजाला हवं असतं. समर्थनाला एवढं पुरेसं असायला हवं.

आणि तरीही थर आणि फुप्फुस यांचा संबंध आहे. तो जाहिरातीतल्या संबंधाहून कितीतरी अधिक चकित करणारा आहे. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या ब्राउन्श्वाइगमध्ये आग्नेस पोकेल्स ही तरुणी घरचं स्वयंपाकपाणी बघत होती. मुलींना विद्यापीठाची दारं बंद. भांडी घासताना पाण्यावर पसरणारा तेलकट तवंग पाहून तिने स्वयंपाकघरातच एक पत्र्याचं पसरट भांडं आणि सरकती पट्टी असं उपकरण बनवलं. तवंग किती दाबला की पाण्याचा पृष्ठताण कसा बदलतो, हे ती मोजू लागली. १८९१ मध्ये तिने इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं आणि त्यांनी ते 'नेचर'कडे पाठवून छापून आणलं. पुढे विजेच्या दिव्यांच्या कंपनीत काम करणाऱ्या अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९१७ मध्ये दाखवलं, की असा तवंग नेमका एका रेणूइतका जाड असू शकतो. एका रेणूचा थर! याचा त्या वेळी कोणाला काय उपयोग होता? आजच्या पुण्यातल्या वादात लँगम्युअर उभे राहिले असते तर त्यांनाही विचारलं गेलं असतं, की क्षयाने माणसं मरताहेत आणि तुम्ही पाण्यावरचं तेल काय मोजता.

१९२९ मध्ये कुर्ट फॉन नीरगार्ड या डॉक्टराने डुकराची फुप्फुसं आधी हवेने आणि मग द्रवाने फुगवून पाहिली. द्रवाने ती फार कमी दाबात फुगली. म्हणजे फुप्फुस ताणून धरण्यातला मोठा अडसर हवा आणि ओलावा यांच्या सीमेवरचा पृष्ठताण होता. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासाच्या संदर्भात हे तपासायला हवं, असंही त्यांनी लिहून ठेवलं. जवळजवळ पाव शतक कोणी ते वाचलंच नाही. दरम्यान दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं निळी पडून जात राहिली, आणि डॉक्टर शवविच्छेदनात दिसणाऱ्या काचेसारख्या पापुद्र्यालाच आजाराचं कारण समजत राहिले. १९५७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या रसायन केंद्रात काम करणाऱ्या जॉन क्लेमेंट्स यांनी पोकेल्स-लँगम्युअरच्या परंपरेतलाच तराजू वापरून फुप्फुसाच्या अर्काचा पृष्ठताण मोजला. थर दाबला की तो ताण विलक्षण खाली येतो, हे त्यांना दिसलं. बालरोगतज्ज्ञ मेरी एलन एव्हरी त्यांच्याकडे जाऊन हे शिकल्या आणि १९५९ मध्ये जेर मीड यांच्यासह त्यांनी सिद्ध केलं, की त्या बाळांच्या फुप्फुसात हा तवंगच, म्हणजे सरफॅक्टंट, नसतो. चार वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांचं बाळ, पॅट्रिक केनेडी, याच आजाराने ३९ तासांत गेलं. कारण कळलं होतं, उपचार नव्हता. तो १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी करून दाखवला. आज पुण्यातल्या नवजात अतिदक्षता विभागांत सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या श्वासनलिकेत गाई-डुकराच्या फुप्फुसातून काढलेलं ते पांढरं द्रव सोडतात आणि चिमुकली छाती फुलते, ती या साखळीमुळे. इथे भिंत ओलांडली गेली. पण मधली पाव शतकाची शांतता कोणामुळे? पैसा कमी होता म्हणून नव्हे. नीरगार्ड यांचा लेख छापलेला होता, तराजू तयार होता. भौतिकशास्त्रज्ञ फुप्फुसाकडे बघत नव्हते आणि फुप्फुसाचे डॉक्टर तवंगाकडे.

यावर चाणाक्ष वाचक म्हणेल, तुम्ही यशस्वी गोष्टी वेचून सांगताय. ज्या थरांतून काहीच निघालं नाही त्यांचं काय? आक्षेप योग्य आहे. बहुतेक मूलभूत संशोधनातून कधीच औषध निघत नाही, आणि निघालं तर कुठून निघेल ते आधी सांगता येत नाही. रसायनशास्त्रज्ञ स्टॅनली व्हिटिंगम १९७० च्या दशकात एका तेल कंपनीत थरांच्या पदार्थांत अणू घुसवून अतिवाहक शोधत होते. हाती लागली लिथियम बॅटरीची किल्ली, आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल. पुण्याच्या पीएमपीच्या विजेवरच्या बसमधल्या बॅटरीच्या एका टोकाला आजही ग्रॅफाइटच असतं. त्याच्या थरांत लिथियम शिरतं, बाहेर येतं, आणि डिझेलचा काळा लोट टळतो. मी याला पुरावा म्हणत नाही, योगायोगाचा मोठा वाटा त्यात आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. कोणतं संशोधन फळेल हे आपल्या हातात नाही, पण झालेलं संशोधन पलीकडच्या विद्येतल्या माणसाला कळेल की नाही, हे शंभर टक्के आपल्या हातात आहे.

कळलं नाही की काय होतं ते आपण फार जुन्या नव्हे, कोविडच्या काळात भोगलं. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की हा आजार हवेतून पसरत नाही. वैद्यकात रूढ समजूत अशी होती की ५ मायक्रॉनहून मोठे थेंब लगेच जमिनीवर पडतात. हवेतल्या कणांवर आयुष्य घालवलेल्या भौतिकशास्त्रज्ञांना हे ऐकवेना, कारण ५ मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून स्थिर हवेत खाली यायला अर्धा तास घेतो. हे कॉलेजातल्या सूत्राने काढता येतं. जुलै २०२० मध्ये लिडिया मोराव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने उघड आवाहन केलं. अधिकृत भाषा बदलायला २०२१ उजाडलं. तोवर आपण काय करत होतो? पेठांत पत्रे ठोकून गल्ल्या बंद करत होतो, भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो आणि खिडक्या लावून घेत होतो. शेवटची गोष्ट तर उलट घातक होती. ज्या घरांतली माणसं तेव्हा गेली त्यांना कोणी सांगावं, की एक जुना गणिती निष्कर्ष दुसऱ्या इमारतीत पडून होता?

याहून जास्त खटकणारं उदाहरण १९३० सालचं आहे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला: ॲस्बेस्टॉसचं कापड विणणाऱ्या कामगारांची फुप्फुसं तंतूंमुळे कडक होताहेत. त्याच वर्षी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी थरांच्या खनिजांवर लिहिताना सुचवलं, की ज्या थराच्या दोन बाजू मापाने सारख्या नसतात तो सपाट न राहता वळेल. पांढरा ॲस्बेस्टॉस नेमका तसाच आहे: गुंडाळी झालेला थर. १९५० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्या नळ्या दाखवल्या. तंतू लांब आणि ताठ असला की फुप्फुसातली सफाई पेशी त्याला गिळू शकत नाही, अर्धवट गिळलेल्या अवस्थेत सूज पेटत राहते. आकार हेच दुखण्याचं मूळ, हा विचार वैद्यकात रुजायला १९३० नंतर चार दशकं लागली. १९३० मध्ये ही दोन माणसं भेटली असती तर सगळे कामगार वाचले असते असं मी म्हणणार नाही. उद्योगांचं दडपण प्रचंड होतं. पण प्रश्न चाळीस वर्षं आधी नीट विचारला गेला असता. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, अमेरिकेने थेट मार्च २०२४ मध्ये. भारतात तो आजही आयात होतो, आणि आपल्या वस्त्यांच्या डोक्यावरच्या सिमेंटच्या पत्र्यांत तो आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं ठेवायला सांगितलं, कारण हा आजार उगवायला तेवढा काळ लागतो.

म्हणून मला फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त आलेला एक अभ्यास कोणत्याही अतिवाहकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. एडिंबरा आणि मँचेस्टरच्या गटांनी १४ निरोगी स्वयंसेवकांना दोन तास, अधूनमधून सायकल चालवायला लावून, ग्राफीन ऑक्साइडचे पातळ कण श्वासावाटे दिले आणि फुप्फुसाची क्षमता, रक्तदाब, रक्त यांची तपासणी केली. तातडीचा मोठा धोका दिसला नाही. हा निष्कर्ष मर्यादित आहे: कण अतिशुद्ध होते, मापात कापलेले होते, आणि दोन तासांचा श्वास वेगळा, कारखान्यात वीस वर्षं घेतलेला श्वास वेगळा. पण क्रम पाहा. इथे पदार्थ कारखान्यात भरभरून जाण्याआधी छातीचा डॉक्टर आणि थरांचा भौतिकशास्त्रज्ञ एका टेबलावर बसले. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत हे व्हायला अर्धं शतक उलटलं. कॅनडाने एप्रिल २०२१ मध्ये ग्राफीनचा लेप दिलेले मास्क वापरू नका असं सांगितलं, तेव्हा ते मास्क लोकांच्या तोंडावर आधीच होते.

पुण्याला हा क्रम घालून देणं जड नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था, पदार्थांवर संशोधन करणारी सी-मेट आणि हवेची मोजमापं ठेवणारी उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था हे सगळं पाषाणच्या परिसरात आहे. औंधचं उरो रुग्णालय तिथून काही किलोमीटरवर. भोसरी-चाकणमध्ये रंग, प्लॅस्टिक, बॅटरी यांत हे थरांचे चूर्ण मिसळायला सुरुवात होईल तेव्हा ते पोत्यातून ओतणारा कामगार याच रुग्णालयात येणार आहे. तेव्हा वाद घालायचाच तर असा घालू या: थरांच्या पदार्थांचं चूर्ण बनवणाऱ्या प्रत्येक सरकारी प्रकल्पात, अर्ज करतानाच, फुप्फुसावरच्या परिणामांच्या तपासणीचा खर्च का धरला जात नाही? श्वसनविकारात एमडी करणाऱ्या डॉक्टरला काही महिने कणांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि पदार्थविज्ञानात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला तितकाच काळ छातीच्या ओपीडीत बसायला कोणता नियम आडवा येतो? चूर्ण हाताळणाऱ्या कामगाराची फुंकर कामावर रुजू होण्याच्या दिवशी मोजून ठेवली, तर दहा वर्षांनी ती किती घटली हे कळेल. ती पहिली नोंद आज कोणाच्या दप्तरात आहे? हे प्रश्न संस्थांच्या संचालकांना, आरोग्य खात्याला आणि कारखानदारांच्या संघटनांना नाव घेऊन विचारता येतील. यातल्या एकाही गोष्टीला कोणाचा पैसा कापावा लागत नाही. स्पायरोमीटरची किंमत एका चांगल्या सूक्ष्मदर्शकाच्या किमतीपुढे नगण्य आहे.